नऊ दिवस की एकतीस? पंचगंगेच्या पुराचे आकडे आणि त्यांच्या चौकटी

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी अजून घराघरांत उभे होते, तेव्हाच तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकारांपुढे चार आकडे ठेवले. २००५ च्या महापुरात सांगली जिल्ह्यात ३१ दिवसांत सरासरीच्या २१७ टक्के पाऊस झाला होता; २०१९ मध्ये अवघ्या नऊ दिवसांत ७५८ टक्के. कोल्हापूर जिल्ह्यात २००५ चे ३१ दिवसांचे प्रमाण १५९ टक्के, २०१९ चे नऊ दिवसांचे ४८०. आकडे ठळक छापून आले आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकच हिशेब बसला: पाऊस तिप्पट-साडेतिप्पट, मग सरकार तरी काय करणार!

हे आकडे बनावट होते असा आरोप या व्याख्यानात नाही. पावसाच्या नोंदी खऱ्या असतील, भागाकारही बरोबर असेल. पण एका बाजूला ३१ दिवसांची चौकट आणि दुसऱ्या बाजूला नऊ दिवसांची, अशा दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडल्या की त्यांची तुलना होत नाही, तुलनेचा भास होतो.

एक साधा हिशेब करून पाहावा. समजा एखाद्या ठिकाणी त्या हंगामात रोज सरासरी १० मिलिमीटर पाऊस पडतो. एका महिन्यात नऊ दिवसांची जोराची झड लागली आणि ६०० मिलिमीटर कोसळले. उरलेल्या २२ दिवसांत मिळून ११० मिलिमीटर पडले. आता ३१ दिवसांची चौकट लावली तर पाऊस सरासरीच्या २२९ टक्के होतो आणि फक्त झडीच्या नऊ दिवसांची लावली तर ६६७ टक्के. आभाळ तेच आणि पाणीही तेच. चौकट जितकी आखूड आणि ती झडीवर जितकी नेमकी बसवलेली, तितकी टक्केवारी फुगते. म्हणजे तुलना करायचीच तर २००५ चे सर्वांत ओले नऊ दिवस आणि २०१९ चे सर्वांत ओले नऊ दिवस शेजारी ठेवायला हवे होते. २०१९ चा पूर २००५ पेक्षा मोठा होता हे खरेच आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची मोजपट्टी ते सांगते. पण किती मोठा, आणि त्यातला किती वाटा पावसाचा, हा प्रश्न त्या टक्केवारीने सुटत नाही. उलट तो विचारायचीच गरज उरली नाही असे वाटू लागते.

इचलकरंजीच्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. या गावात यंत्रमाग कामगारांच्या मजुरीची बोलणी ‘५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे’ अशी होतात (पीक म्हणजे कापडाच्या इंचातले आडवे धागे). पीक किती आणि मीटरला की वाराला, हे न सांगता कोणी नुसता पैशाचा आकडा टेबलावर टाकला, तर त्याला मालकही हसेल आणि कामगारही. पुराच्या आकड्यांबाबत मात्र हेच गाव, आणि अवघा महाराष्ट्र, इतका भोळा होतो की ‘टक्के’ म्हटले की मान डोलावतो.

दिवसांची चौकट झाली, तशी जागेचीही असते. ‘कोल्हापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस’ ही मोठी फसवी वस्तू आहे. घाटमाथ्याला टेकलेला गगनबावडा आणि पूर्वेचा शिरोळ एकाच जिल्ह्यात मोडतात, पण पावसाच्या हिशेबात ते दोन वेगळे देश आहेत. गगनबावड्याचा पाऊस शिरोळच्या कित्येक पट असतो. शिरोळ तालुक्यातले लोक डोक्यावर ऊन असताना पुराच्या पाण्यातून जनावरे बाहेर काढतात. त्यांच्या दारातले पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीच्या खोऱ्यांत पडलेले असते, शिवाय वारणा आणि कोयनेच्या खोऱ्यांतले. अशा ठिकाणी जिल्ह्याची सरासरी काढणे म्हणजे पाऊस कुठे पडला हीच मुख्य गोष्ट पुसून टाकणे.

मग नदीच्या पातळीकडे वळावे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्याच नदीवर खाली इचलकरंजीत हेच आकडे ६८ आणि ७१. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे ४० आणि ४५. पुराच्या दिवसांत मोबाइलवर हे आकडे एकापाठोपाठ येत राहतात आणि माणसे सहज म्हणतात, ‘कोल्हापूरपेक्षा सांगलीत दोन फूट जास्त आहे.’ या वाक्याला काही अर्थ नाही, कारण प्रत्येक मोजपट्टीचे शून्य वेगळ्या उंचीवर आहे. रोजच्या इशाऱ्यासाठी हे पुरेसे आहे. कोणत्या आकड्याला सामान बांधायचे हे प्रत्येक गल्लीला पाठ असते. गोंधळ होतो तो वादाच्या वेळी. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगितली जाते, पंचगंगेची पातळी तिच्या स्वतःच्या शून्यापासून फुटांत. अलमट्टीचे पाणी खरोखर शिरोळपर्यंत फुगते का, हे ज्याला तपासायचे आहे त्याला हे दोन्ही आकडे एका कागदावर मांडताच येत नाहीत. गेली वीस वर्षे पश्चिम महाराष्ट्रात सर्वांत तावातावाने चाललेल्या वादाचे दोन मुख्य आकडे वेगवेगळ्या मापांत छापले जातात, आणि याचे कोणाला फारसे काही वाटत नाही!

नरसोबाच्या वाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, याहून जुनी एक मोजपट्टी आहे. नदी चढली की पाणी दत्त मंदिरात येते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते आणि भाविक त्यात स्नान करतात. हा दक्षिणद्वार सोहळा. पाणी चढताना होतो तो चढता, ओसरताना होतो तो उतरता. यंदा सोहळा कितव्यांदा झाला याची वार्ता वर्तमानपत्रे आजही देतात. भक्तीचा भाग भक्तांचा. पण पायऱ्या, चौथरा आणि दार एकाच जागी आहेत, त्यांचे शून्य कोणी हलवत नाही. जलविज्ञानाच्या दृष्टीने ही फार सच्ची नोंद आहे.

आता अलमट्टी. या विषयावर इचलकरंजीत बोलणे म्हणजे मोहोळात हात घालणे, पण पुराव्याचा वापर कसा होतो हे पाहायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

अलमट्टीची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आणि साठा सुमारे १२३ टीएमसी. ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने डिसेंबर २०१० मध्ये ही पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा कर्नाटकाला दिली. २००५ च्या महापुरापासून सांगली-कोल्हापुरात एक ठाम समजूत आहे: अलमट्टीत पाणी अडवले की त्याचा फुगवटा वर चढतो, कृष्णेला उतार मिळत नाही आणि तिच्यात येणारी पंचगंगा तुंबते. समजुतीला अनुभवाचा आधार आहे. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचे पाणी संगमाजवळ थबकते आणि मागे पसरते, हे काठावरच्या कोणालाही दिसते. प्रश्न एवढाच की कृष्णा तुंबते ती अलमट्टीमुळे, मधल्या हिप्परगी बंधाऱ्यामुळे, पात्रातल्या अडथळ्यांमुळे, की एकाच वेळी सगळीकडून आलेल्या पाण्यामुळे.

२०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने जलसंपदा विभागाचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. अलमट्टी आणि हिप्परगीचा फुगवटा या पुराला कारणीभूत नाही, असाधारण पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणे ही मुख्य कारणे आहेत, असा त्याचा निष्कर्ष. सांगलीतल्या निवृत्त अभियंत्यांनी आणि नागरिकांच्या कृती समितीने तो मान्य केला नाही. पुढे हाच प्रश्न रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे अभ्यासासाठी सोपवण्यात आला.

दरम्यान २०२१ साल आले. जूनमध्ये महाराष्ट्राचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले आणि दोन्ही राज्यांनी धरणांच्या विसर्गाबाबत समन्वय ठेवायचे ठरले. महिनाभरात, २२ जुलैपासून, घाटमाथ्यावर आभाळ फाटले. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली, चिपळूण बुडाले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांच्या पुढे गेली, म्हणजे २०१९ लाही मागे टाकले. सांगलीत मात्र कृष्णा २०१९ च्या ५७ फुटांपेक्षा खाली राहिली.

या एका पुरातून दोन्ही पक्षांनी आपापला पुरावा उचलला. समन्वय झाला म्हणून सांगली वाचली, म्हणजे अलमट्टीच दोषी, असे एकाचे म्हणणे. समन्वय असूनही कोल्हापुरात विक्रमी पाणी आले, म्हणजे अलमट्टीचा संबंध नाही, असे दुसऱ्याचे. दोघांनीही सोयीची मोजपट्टी निवडली. या वक्त्याचे मत असे की २०२१ चा पूर एकट्याने यातले काहीच सिद्ध करत नाही. दोन वर्षांत पाऊस कोणत्या खोऱ्यात पडला, कोणत्या तासाला पडला आणि कोणत्या धरणाने तो किती धरला, हे वेगळे केल्याशिवाय पातळ्यांची तुलना करणे म्हणजे गावगप्पा.

खरी गंमत २०२५ मध्ये झाली. अलमट्टीची उंची वाढवण्याच्या हालचाली कर्नाटकाने जोरात सुरू केल्या तेव्हा महाराष्ट्राने केंद्राकडे विरोध नोंदवला: उंची वाढली तर सांगली-कोल्हापूर बुडेल. कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी उलट पत्र लिहून लवादाच्या २०१० च्या निवाड्याची आठवण दिली. काटेकोर बोलायचे तर आजच्या उंचीने पूर येतो का आणि साडेचार मीटरने वाढलेल्या उंचीने येईल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असले तरी दुसऱ्याचे ‘होय’ असू शकते. पण राज्याने स्वतःच्या समितीचा निष्कर्ष २०२० मध्ये ज्या तऱ्हेने मिरवला आणि २०२५ मध्ये ज्या तऱ्हेने बाजूला ठेवला, त्यात हा फरक कोणी समजावून सांगितला नाही. पूर आपल्या कारभारावर शेकत होता तेव्हा अलमट्टी निर्दोष होती. वाद शेजाऱ्याशी सुरू झाला तेव्हा ती दोषी ठरली. असा अहवाल समोरच्या वकिलाला आयताच उपयोगी पडतो.

खाली कर्नाटकातही हेच नाटक पात्रे बदलून चालते. २०१९ मध्ये चिकोडी, अथणी, जमखंडीकडची गावे पाण्यात गेली. तिथला मराठी आणि कन्नड शेतकरी बोट दाखवतो ते कोयनेकडे: महाराष्ट्राने पाणी सोडले म्हणून आम्ही बुडालो. वरच्याला खालचे धरण दिसते, खालच्याला वरचे.

धरणाचे दरवाजे दिसतात, हेही त्याचे एक कारण. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापुरात धडकी भरते. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला असे सात दरवाजे आहेत, एकेकातून १,४२८ क्युसेक पाणी पडते. सातही उघडले तरी सुमारे दहा हजार क्युसेक. धोक्याच्या पातळीला पंचगंगा याच्या कितीतरी पट पाणी वाहत असते. बाकीचे सगळे धरणाबाहेरच्या डोंगरउतारांवरून, ओढ्यांतून, शेतांतून येते. त्याला दरवाजा नाही, त्यामुळे त्याची बातमी होत नाही.

इथे हवामानशास्त्राकडे यावे लागते. ‘क्लायमेट चेंज’ हा शब्द आता मंत्र्यांच्या भाषणापासून चावडीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्याचा उपयोग बहुधा हात झटकण्यासाठी होतो. शास्त्रज्ञांनी नेमके काय म्हटले आहे?

डिसेंबर २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी १९५१ ते २००० या काळातला मध्य भारतातला रोजचा पाऊस तपासला. दिवसाला १०० मिलिमीटरहून अधिक अशा पावसाच्या घटना वाढल्या होत्या, मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. दोन्ही एकमेकांना झाकत असल्यामुळे हंगामाची एकूण सरासरी मात्र जवळजवळ जागेवरच होती. सरासरी बदलली नाही म्हणजे काही बदलले नाही, असे समजणाऱ्यांना हा चांगलाच धडा होता. २०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये पुढचा दुवा दाखवला: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून उसळून येणारी बाष्पाची लाट आहे.

हे भक्कम संशोधन आहे. पण ते कुठले? गोस्वामींच्या निबंधातला ‘मध्य भारत’ म्हणजे नकाशावरची एक चौकट: साडेसोळा ते साडेसव्वीस उत्तर अक्षांश आणि साडेचौऱ्याहत्तर ते साडेशहाऐंशी पूर्व रेखांश. इचलकरंजी या चौकटीच्या पश्चिम कडेला, तिच्या किंचित बाहेर पडते. कोल्हापूर आणखी बाहेर, आणि पंचगंगा जिथे जन्म घेते तो घाटमाथा तर पुरता बाहेर. हे चुकून झालेले नाही. घाटावरचा पाऊस डोंगर वाऱ्याला अडवतो म्हणून पडतो, त्याचे गणित पठाराहून वेगळे; दोन्ही एकत्र केले तर सरासरीला अर्थ राहिला नसता. शास्त्रज्ञांनी आपली चौकट स्पष्ट छापली होती. ‘मध्य भारतात अतिवृष्टी तिप्पट’ हे वाक्य कोल्हापूरच्या पुराला चिकटवताना ती चौकट गळून पडते, आणि ती गाळणारा शास्त्रज्ञ नसतो.

याचा अर्थ घाटावर हवामानबदलाचा परिणाम नाही असा मुळीच नाही. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्के वाढते. हा भौतिकशास्त्राचा नियम सह्याद्रीलाही लागू आहे. ३० जुलै २०२४ रोजी केरळात वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, त्यानंतर ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने त्या एका दिवसाच्या पावसाचा अभ्यास केला. तापलेल्या हवामानामुळे तो पाऊस सुमारे १० टक्के अधिक जोरदार झाला, असा त्यांचा अंदाज. आणि डोंगराळ भागातल्या या अंदाजात अनिश्चितता मोठी आहे, हेही त्यांनीच लिहिले. दहा टक्के ही लहान गोष्ट नाही. जमीन आधीच भिजलेली असली की वाढलेल्या पावसाचा बहुतेक भाग थेट नदीत उतरतो. पण ‘दहा टक्के’ आणि ‘हवामानबदलामुळे पूर आला’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात पूररेषेतली बांधकामे, नदीकाठच्या वीटभट्ट्या, अरुंद झालेले ओढे आणि रस्त्यांचे भराव बसलेले असतात.

शिरोलीजवळच्या भरावाची गोष्ट इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुणे-बंगळूर महामार्ग पंचगंगेच्या पूरमैदानातून मातीच्या भरावावरून जातो. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हा रस्ताच पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद राहिला. ‘भराव काढा, पिलर उभे करा’ ही लोकांची मागणी जुनी आहे. भरावामागे पाणी किती इंच चढते हे नदीचे आडवे छेद मोजून काढता येते, त्याला हवामानाचे जागतिक प्रारूप लागत नाही. पण जागतिक कारण हाताशी असले की स्थानिक माप घेण्याची घाई कोणाला नसते.

मुंबईने हा अनुभव आधी घेतला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरात कुलाब्याला ७३. ‘न भूतो’ अशा त्या ९४४ च्या आड मग एक गोष्ट सहज लपली: शहराची जुनी पर्जन्यजल गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि ती क्षमता दुप्पट करण्याची शिफारस १९९३ पासून कागदावर पडून होती.

पूररेषांचे शास्त्रही असेच वापरले जाते. महाराष्ट्रात निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकले की प्लॉट घेणारा निर्धास्त होतो. त्याचा खरा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता इतकाच. तीस वर्षांचे गृहकर्ज फेडेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. निळ्या रेषेवरच्या घरासाठी तीच शक्यता ७१ टक्के होते. आणि हा हिशेबही नदी पूर्वीसारखीच वागेल असे धरून केलेला. अमेरिकेतले जलशास्त्रज्ञ पी. सी. डी. मिली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच ‘सायन्स’मध्ये बजावले होते की भूतकाळाच्या नोंदींवरून भविष्यातल्या पुराची वारंवारता काढण्याचे दिवस संपले. २००५, २०१९, २०२१: सतरा वर्षांच्या अवधीत पंचगंगेने तीन महापूर दाखवले. रेषा पुन्हा आखायची वेळ आली की मात्र त्यांना नदीकडे सरकवण्यासाठीच निवेदने जास्त येतात.

मदतीच्या नियमांतल्या उंबरठ्यांवर फार वेळ घालवायला नको, पण एक उल्लेख हवा. ७ ऑगस्ट २०१९ च्या शासन निर्णयात मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्यात असल्याची अट होती. त्यावर एवढी संतापाची लाट उसळली की सरकारला खुलासे करावे लागले. पिकांच्या अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरची नोंद लागते. एका मंडळात अनेक गावे असतात आणि श्रावणातला पाऊस गावाची शीव पाहून पडत नाही. २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ हीही आपत्ती मानली, हे बरे झाले.

पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची योजना सध्या फार लोकप्रिय आहे. जागतिक बँकेचे नाव तिच्याशी जोडले गेल्याने तिला वजनही आले आहे. इथे पदवी लागत नाही, पाचवीचा गुणाकार पुरतो. २०१९ च्या पुरात अलमट्टीतून ५ लाख क्युसेकहून अधिक विसर्ग होत होता. ५ लाख क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे ४३ टीएमसी. आटपाडी, खानापूरच्या माळाला पाणी देणाऱ्या टेंभू उपसा योजनेची मूळ तरतूद वर्षाला २२ टीएमसीची. म्हणजे टेंभूचे वर्षभराचे पाणी हा महापूर जेमतेम बारा तासांत वाहून नेतो. पंप कितीही वाढवले तरी शिखराच्या दोन दिवसांत उपसून पूर उतरवता येणार नाही. दुष्काळी भागाला पाणी मिळालेच पाहिजे, ती योजना त्या कारणासाठी करावी आणि तिचा हिशेबही त्याच कारणाने मांडावा. पूरनियंत्रणाच्या नावाखाली तिला मंजुरी मिळवली, तर पुढच्या पुरात शिरोळकर जाब विचारतील आणि तो रास्त असेल.

काही वेळा पुराव्याची चौकट बदलण्याचेही कष्ट घेतले जात नाहीत, तो सरळ कपाटात जातो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला अहवाल दिला. तो लोकांसमोर आला २०१२ मध्ये, माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती बसली, २०१३ मध्ये तिने संरक्षित क्षेत्र बरेच कमी केले, आणि तेव्हापासून मसुदा अधिसूचनाच निघत आहेत. जुलै २०२४ मध्ये निघाली ती सहावी. राधानगरी, शाहूवाडीच्या ज्या डोंगरउतारांवरून पंचगंगेला पाणी येते, त्यांचा निर्णय या मसुद्यांत अडकला आहे. गाडगीळांच्या सगळ्या शिफारशी मान्य करायला हव्या होत्या असे नाही. त्या वाचून, ग्रामसभांत भांडून नाकारता आल्या असत्या.

बाहेरचे एक उदाहरण इथे उपयोगी आहे. जानेवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहर बुडाले. वरच्या अंगाला विव्हेनहो धरण. धरण चालवणाऱ्यांनी पाणी वेळेवर सोडले नाही, असा दावा करून सुमारे ६,८०० लोक न्यायालयात गेले. धरण चालवण्याची नियमपुस्तिका, पावसाचे अंदाज, अभियंत्यांनी तासातासाला घेतलेले निर्णय हे सारे न्यायालयापुढे आले आणि दोन्ही बाजूंच्या जलशास्त्रज्ञांनी त्यावर वाद घातला. नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे आपला पूर ओसरल्यावर तीन महिन्यांनी, निकाल पूरग्रस्तांच्या बाजूने लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने धरण चालवणाऱ्या सीक्वॉटर या संस्थेपुरता तो फिरवला. राज्य सरकार आणि दुसऱ्या कंपनीने त्याआधीच तडजोड करून भरपाई मान्य केली होती. कोण बरोबर होते यावर तिथेही एकमत नाही. पण भांडण एकाच कागदपत्रांवर झाले. अलमट्टी, कोयना किंवा राधानगरीबाबत तशी सोय पूरग्रस्ताला आजही नाही. तो भांडतो ते बातमीतल्या आकड्यांवर.

ती सोय करायला नवी संस्था किंवा नवा कायदा लागत नाही. राजाराम बंधारा, इचलकरंजी, तेरवाड, राजापूर, आयर्विन पूल आणि अंकली या प्रत्येक मोजपट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे, हे त्या पट्टीशेजारीच रंगवून लिहावे. पुराच्या पंधरवड्यातल्या तासातासाच्या पातळ्या आणि प्रत्येक धरणाची आवक-जावक, दोन्ही राज्यांची, हंगाम संपताच जशीच्या तशी खुली करावी. २००५, २०१९ आणि २०२१ ची मागची सुद्धा. नदीचे आडवे छेद दर काही वर्षांनी मोजावेत, शिरोलीच्या भरावाच्या वर आणि खाली तर नक्कीच. रुरकीच्या संस्थेने गणिती प्रारूपात जी गृहीतके घातली ती अहवालाबरोबर छापावीत, म्हणजे सांगलीचा निवृत्त अभियंता आणि बागलकोटचा प्राध्यापक दोघेही ती तपासू शकतील. आणि मंत्र्याने टक्केवारी सांगितली की पत्रकाराने पुढचाच प्रश्न विचारावा: किती दिवसांची, कुठल्या पर्जन्यमापकांची, आणि कशाच्या तुलनेत? मान्सूनपूर्व आढावा बैठका दरवर्षी मे महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयांत होतात. बोटी, लाइफ जॅकेट आणि निवारा केंद्रांच्या यादीसोबत हा एक विषय तिथे सहज बसेल.